भेदभावाची तक्रार ‘नस्तीबद्ध’ झाली, आता अपील कुठे करायचं?

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्यातल्या एका राज्य शासकीय आयुक्तालयात वरिष्ठ लिपिक आहेत. त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सेवापुस्तकात नोंदलेलं आहे. त्या जून २०२३ पासून या कार्यालयात आहेत. नवे अधिकारी आल्यावर बैठकीतल्या सूचना लेखी मिळणं थांबलं. आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक कामांचं, टेबल काढून त्यांना आवक-जावकला बसवलं गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये हाती आलेल्या कार्यमूल्यमापन अहवालात प्रतवारी एकदम खाली गेलेली दिसली. १० फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांनी विभागप्रमुखांकडे भेदभावाची लेखी तक्रार दिली. १८ ऑगस्टला उत्तर आलं: ‘आपल्या तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब तक्रार नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’ म्हणजे तक्रारीची फाइल बंद. सप्टेंबरमध्ये जुन्नरला बदलीचा आदेश निघाला. अजून कार्यमुक्त केलेलं नाही. त्यांचे प्रश्न तीन: १८ ऑगस्टच्या पत्राविरुद्ध अपील कुठे करायचं, अधिकाऱ्यांचं नाव घ्यायचं का, आणि पुढे आणखी त्रास दिला तर काय.

ताई, सेवाविषयक प्रकरणांत वर्षानुवर्षं वकिली केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे, तेच आधी सांगतो. लोक तक्रारीच्या उत्तराविरुद्ध भांडत बसतात आणि ज्या आदेशांनी त्यांचं खरं नुकसान झालं ते आदेश तसेच उभे राहतात. तुमचं नुकसान त्या एका ओळीच्या पत्रानं झालेलं नाही. ते बदलीच्या आदेशानं झालं, प्रतवारीनं झालं आणि लेखी सूचना नाकारल्यानं झालं. या प्रत्येकाचा कायदा वेगळा, दार वेगळं आणि मुदतही वेगळी. ‘माझ्यावर अन्याय झाला’ या एका अर्जात हे सगळं कोंबलं की प्रत्येक गोष्टीला ‘हा विषय आमच्या कक्षेत नाही’ असं उत्तर देता येतं.

मुळात महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये अपील आहे ते प्रामुख्यानं शिक्षा, निलंबन, वेतन-भत्ते कमी करणं अशा आदेशांविरुद्ध, आणि त्याची मुदत ४५ दिवसांची. तक्रार दप्तरी दाखल केली म्हणून त्या नियमांखाली अपील होत नाही. तुम्ही जो अर्ज करणार तो कायद्याच्या भाषेत अभिवेदन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार करा अशी लेखी विनंती. हा फरक कागदोपत्री वाटला तरी मुदत मोजताना जिवावर बेततो. त्याकडे पुढे येतो.

सर्वांत आधी बदली. आज तातडी आहे ती हीच, कारण एकदा कार्यमुक्तीचा आदेश हातात पडला की स्थगिती मिळवणं अवघड होत जातं. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून लागू आहे. ज्याला आपण बोलताना ‘बदल्यांचा कायदा’ म्हणतो, तो हाच. त्यात पदावधी तीन वर्षांचा आहे, आणि मंत्रालयाबाहेरच्या गट क कर्मचाऱ्याची (वरिष्ठ लिपिक त्यातच येतात) कार्यालयातून बदली दोन पूर्ण पदावधी झाल्यावर करायची आहे. तुम्हाला तिथे जेमतेम सव्वादोन वर्षं झाली. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात आणि तुमचा आदेश सप्टेंबरचा आहे. म्हणजे ही बदली मुदतपूर्व आहे आणि मध्यावधीही. अशी बदली करताच येत नाही असं नाही. पण कलम ४(४) आणि ४(५) प्रमाणे विशेष कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि कलम ६ च्या तक्त्यातल्या लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. पूर्वमान्यता म्हणजे आदेशाच्या आधीची. आदेश काढून नंतर सही घेतलेली असेल तर ती पूर्वमान्यता होत नाही. शिवाय टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणातल्या २०१३ च्या निकालानंतर राज्यात नागरी सेवा मंडळं नेमली गेली. तुमच्या बदलीचा प्रस्ताव मंडळासमोर गेला होता का, इतिवृत्तात तुमच्या नावासमोर काय कारण लिहिलं आहे, हे बघायचं.

बदलीच्या आदेशात बहुधा एवढंच लिहिलेलं असेल: ‘प्रशासकीय कारणास्तव’. हे शब्द कारण नव्हेत. कारण बदलीच्या फाइलमधल्या टिपणीत असतं. ती टिपणी बाहेर आली की अनेकदा दिसतं की तक्रारीमुळेच बदली सुचवलेली आहे: ‘सदर कर्मचारी वारंवार तक्रारी करीत असल्याने कार्यालयीन वातावरण…’ असं एखादं वाक्य. असं वाक्य सापडलं तर ते तुमच्या प्रकरणाचं सर्वांत बळकट पान आहे. सोमेश तिवारी विरुद्ध भारत सरकार या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्वच्छ सांगितलं आहे की शिक्षेच्या बदल्यात केलेली बदली टिकत नाही.

दार कुठलं? महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमाखालचं हे न्यायाधिकरण राज्यात १९९१ पासून काम करतं. पुण्याची प्रकरणं मुंबईच्या मुख्य पीठाकडे जातात. कलम १९ खाली मूळ अर्ज करायचा, त्याला सगळे ओए म्हणतात. कलम २० सांगतं की आधी खात्यातले उपाय संपवा, पण त्या कलमात ‘साधारणतः’ असा शब्द आहे. बदलीसारख्या प्रकरणात, जिथे सहा महिने थांबलं तर मागण्यासारखं काही उरतच नाही, तिथे न्यायाधिकरण थेट अर्ज ऐकतं. अंतरिम स्थगिती हवी असेल तर कलम २४ प्रमाणे समोरच्या पक्षाला अर्जाची प्रत देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. अपवाद म्हणून न ऐकता दिलेला आदेश १४ दिवसांपुरताच असतो. म्हणून अर्जाची प्रत मॅटमध्ये सरकारची बाजू मांडणाऱ्या मुख्य सादरकर्ता अधिकाऱ्यांच्या कार्यालयात वेळेत पोचवा. सकाळच्या गाडीनं मुंबई गाठायची आणि त्याच दिवशी स्थगिती घेऊन परतायचं, असा बेत बांधून येणारे निराश होतात.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. स्थगिती मिळाली नाही आणि कार्यमुक्त केलं गेलं तर घरी बसू नका. जुन्नरला रुजू व्हा आणि रुजू अहवालातच एक ओळ लिहा: ‘सदर बदली आदेशास आव्हान देण्याचा माझा हक्क अबाधित ठेवून रुजू होत आहे.’ गुजरात वीज मंडळ विरुद्ध आत्माराम पोशानी या १९८९ च्या निकालापासून कायदा स्पष्ट आहे. स्थगिती नसताना रुजू न होणं ही अनधिकृत गैरहजेरी धरली जाते. मग तुमच्या भेदभावाच्या प्रकरणावर त्यांच्या शिस्तभंगाच्या प्रकरणाची सावली पडते. आजारी रजा टाकून वेळ काढणं हा सल्ला तुम्हाला कार्यालयात दहाजण देतील. खरोखर आजारी असाल तरच तो माना.

आता प्रतवारी. देव दत्त विरुद्ध भारत सरकार (२००८) आणि त्यावर शिक्कामोर्तब करणारा सुखदेव सिंग (२०१३) हे दोन निकाल जवळ ठेवा. फक्त वाईट शेरेच नव्हे, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे आणि तिच्याविरुद्ध अभिवेदनाची संधी दिली पाहिजे, असं त्यांत म्हटलं आहे. तुम्हाला अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये मिळाला. फेब्रुवारीच्या तक्रारीत प्रतवारीचा उल्लेख आहे, पण ‘ही प्रतवारी सुधारावी’ अशी मागणी आहे का? ती तक्रार पुन्हा शांतपणे वाचा. मागणी असेल तर ती तक्रार म्हणजेच अभिवेदन असं म्हणता येईल आणि १८ ऑगस्टच्या पत्रानं ते फेटाळलं गेलं असं धरून पुढची मुदत मोजता येईल. नुसता उल्लेख असेल तर समोरचे म्हणतील की प्रतवारीविरुद्ध अभिवेदन कधी आलंच नाही, मॅटमध्ये जाण्याचं एक वर्ष डिसेंबर २०२४ पासून मोजा. तसं धरलं तर तुमच्याकडे तीनेक महिनेच उरतात. म्हणून प्रतवारीविरुद्ध स्वतंत्र अभिवेदन याच आठवड्यात द्या आणि डिसेंबरच्या आत मूळ अर्ज दाखल करण्याची तयारी ठेवा. पुढे विलंबमाफीचा अर्ज करण्याची वेळ येऊ नये हे बघा. न्यायाधिकरण अधिनियमाच्या कलम २१(३) खाली विलंब माफ होतो, पण त्यासाठी पुरेसं कारण पटवावं लागतं आणि ‘साहेबांनी तोंडी आश्वासन दिलं होतं’ हे कारण फारसं चालत नाही.

अभिवेदनात स्वतःच्या कामाचं कौतुक करत बसू नका. मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रतवाऱ्या एकाखाली एक लिहा. त्याखाली या वर्षाची लिहा. मग विचारा: या वर्षात एखादं ज्ञापन (मेमो) दिलं का, एखादी कारणे दाखवा नोटीस काढली का, कार्यविवरण नोंदवहीत प्रलंबित टपाल वाढलं का? काहीच नसेल तर प्रतवारी कशाच्या आधारे उतरली, हे अहवाल लिहिणाऱ्या, म्हणजे प्रतिवेदन, अधिकाऱ्यांना सांगावं लागेल. तो अहवाल तपासणाऱ्या पुनर्विलोकन अधिकाऱ्यांनी नुसती ‘सहमत’ लिहून सही केली आहे का, तेही बघा. सहकाऱ्यांचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागू नका. गिरीश देशपांडे प्रकरणाच्या २०१२ च्या निकालामुळे ते वैयक्तिक माहिती म्हणून नाकारले जातात आणि तुमचे दोन महिने त्यात जातात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तुमच्या तक्रारीत ती एका वाक्यात उरकली आहे: लेखी सूचना बंद झाल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये भेदभावाची व्याख्या आहे. दिव्यांगत्वाच्या आधारे केलेला असा फरक किंवा निर्बंध, ज्याचा उद्देश किंवा परिणाम हक्क हिरावून घेण्याचा आहे, तो भेदभाव. शिवाय वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, असं त्याच व्याख्येत आहे. ‘किंवा परिणाम’ हे शब्द अधोरेखित करून ठेवा. साहेबांच्या मनात द्वेष होता हे तुम्हाला सिद्ध करायचं नाही. जिला ऐकू कमी येतं तिला सूचना तोंडीच दिल्या गेल्या, तिनं लेखी मागितल्या तरी दिल्या नाहीत, आणि मग ‘सूचनांचे पालन करत नाही’ म्हणून तिची प्रतवारी उतरवली, एवढा परिणाम कागदावर दिसला की पुरे. याच अधिनियमाचं कलम २० सरकारी आस्थापनेला, म्हणजे कार्यालयाला, वाजवी सोय देण्याचं बंधन घालतं. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही सोय म्हणजे मेहरबानी नाही, समानतेचाच भाग आहे, हे सविस्तर मांडलं आहे.

याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. त्यानं तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. तुमची तक्रार विभागप्रमुखांकडे गेली, या अधिकाऱ्याकडे नाही. तो नेमलेला आहे का, हे लेखी विचारा. बहुतेक कर्मचाऱ्यांना असा अधिकारी असतो हेच ठाऊक नसतं आणि काही कार्यालयांनाही नसतं. त्याच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच, चर्च पथावर आहे, तिथेही तक्रार करता येते. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली तर संबंधित प्राधिकाऱ्याला तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते.

पण आयुक्तांकडे बदली थांबवायला जाऊ नका. स्टेट बँक ऑफ पटियाला विरुद्ध विनेश कुमार भसीन या २०१० च्या निकालात, १९९५ च्या जुन्या दिव्यांग कायद्याखाली, आयुक्तांना स्थगिती देण्याचा अधिकार नाही असं ठरलं आहे. लेखी सूचना, ऐकण्याची साधनं, बैठकीत समोर बसण्याची जागा, आस्थापनेच्या टेबलाचं काम परत मिळणं, अशा सोयींसाठी ते दार चांगलं आहे. स्थगितीसाठी मॅट.

आता त्या १८ ऑगस्टच्या पत्राबद्दल. ते निरुपयोगी नाही. त्यात कारणच दिलेलं नाही, हाच त्याचा उपयोग. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात १९७८ मध्येच ठरलं आहे की आदेशाची वैधता आदेशात लिहिलेल्या कारणांवर तपासायची, पुढे शपथपत्रात नवी कारणं जोडून ती सावरता येत नाही. ‘तथ्य आढळून आले नाही’ म्हणजे कुणी, कधी, कुणाला विचारून, कोणते कागद बघून? ज्या अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार होती त्यांच्याकडूनच अहवाल मागवून तक्रार बंद केली असण्याची शक्यता दाट आहे. कार्यालयात हे असंच चालतं: तक्रार ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ खाली पाठवली जाते आणि ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्याच टेबलावर जाऊन पोचते.

हे शोधायला माहितीचा अधिकार वापरा. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागणी नेमकी: माझ्या १० फेब्रुवारी २०२५ च्या तक्रारीवर उघडलेल्या नस्तीतील सर्व टिपण्या व पत्रव्यवहाराच्या प्रती, माझ्या बदलीच्या प्रस्तावावरील टिपणी, नागरी सेवा मंडळाचं इतिवृत्त व पूर्वमान्यतेची प्रत, जून २०२३ पासूनचे कामवाटपाचे आदेश. ‘का’ असं विचारू नका. ‘माझ्यावर अन्याय का केला याची माहिती द्यावी’ या मागणीला जन माहिती अधिकारी हमखास नकार देतो, आणि तो बरोबरही असतो. कागद मागा, नस्तीची पाहणीही मागा. ३० दिवसांत उत्तर नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, पण तिथे वेळ लागतो, म्हणून मॅटचा अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नका. कागद तिथेही मागवता येतात.

त्याच २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात दप्तर दिरंगाईचाही भाग आहे. नस्ती एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा, असं तो सांगतो. तुमची तक्रार सहा महिने कुठे होती, हे टिपण्यांवरच्या तारखा सांगतील.

अर्ज कसा लिहायचा याबद्दल थोडं जवळून बोलू. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यातलं हे वाक्य घ्या: ‘मा. साहेब माझा सतत मानसिक छळ करतात व मी दिव्यांग असल्याने मला कमी लेखतात.’ हे खरं असेलच. पण या वाक्याला ‘आरोप मोघम व निराधार आहेत’ एवढं उत्तर पुरतं. तेच असं लिहा: ‘दि. ४ जुलै २०२४ रोजीच्या आढावा बैठकीतील सूचना मला तोंडी देण्यात आल्या. दि. ५ जुलै २०२४ रोजी, जावक क्रमांकासह, मी त्या लेखी देण्याची विनंती केली (पोच सोबत जोडली आहे). लेखी सूचना मिळाल्या नाहीत. दि. १९ जुलै २०२४ रोजी त्याच सूचनांचे पालन न केल्याबद्दल मला तोंडी समज देण्यात आली. याच बैठकीच्या सूचना अन्य तीन कर्मचाऱ्यांना कार्यालयीन व्हॉट्सअॅप गटावर देण्यात आल्या होत्या, ज्या गटात मला घेतलेले नाही.’ इथे तारखा मी नमुन्यादाखल घातल्या आहेत, तुमच्या खऱ्या घाला. यात ‘छळ’ हा शब्द नाही आणि त्याची गरजही पडत नाही. वाचणारा न्यायाधिकरणाचा सदस्य स्वतःच तो निष्कर्ष काढतो. ‘मोघम’ म्हणून झटकता येण्यासारखं यात काही नाही, कारण प्रत्येक वाक्याखाली एक कागद आहे.

प्रत्येक मुद्द्याला तुलना हवी. त्याच काळात, त्याच पदावर, त्याच कार्यालयात इतरांना काय दिलं आणि तुम्हाला काय? यशदा या शासकीय प्रशिक्षण संस्थेतल्या प्रशिक्षणासाठी कुणाची नावं गेली, टेबलं कशी फिरली, मुदतपूर्व बदली आणखी कुणाची झाली? कामवाटपाचे आदेश आणि नामनिर्देशनाच्या याद्या हे सांगतात. सहकारी साक्ष देतील या भरवशावर राहू नका. त्यांनाही त्याच साहेबांकडून आपला अहवाल लिहून घ्यायचा असतो, त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. व्हॉट्सअॅपचे संदेश वापरणार असाल तर फोन बदलू नका, मूळ संदेश पुसू नका.

अधिकाऱ्यांचं नाव घ्यायचं का? तुम्ही ‘त्यांनी द्वेषबुद्धीनं केलं’ असं म्हणणार असाल तर त्यांना नावानं प्रतिवादी करावंच लागतं, कारण आरोप ज्याच्यावर त्याला ऐकलं पाहिजे. रॉयप्पा प्रकरणापासून, म्हणजे १९७४ पासून, हेही ठरलेलं आहे की द्वेषबुद्धीचा आरोप करणं सोपं आणि सिद्ध करणं फार जड, आणि ते ओझं तुमच्यावर. माझा सल्ला असा: तुमच्याकडे बदलीच्या कायद्याचा भंग आहे, दिव्यांग कायद्यातला ‘परिणाम’ आहे, कारण नसलेला आदेश आहे. या तिन्हींवर प्रकरण उभं राहतं. टिपणीत सूडाचं वाक्य सापडलं तरच नाव घ्या. आधी नाव घेतलं की सगळी सुनावणी त्या माणसाच्या स्वभावाभोवती फिरते आणि बदलीच्या आदेशातला दोष बाजूला पडतो.

मुदतीचा हिशोब आता एकदाच नीट करू. अभिवेदनावर अंतिम आदेश मिळाला तर मॅटमध्ये जायला त्या आदेशापासून एक वर्ष. आदेशच मिळाला नाही तर अभिवेदनापासून सहा महिने थांबायचं आणि त्यानंतर एक वर्ष. एस. एस. राठोड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९८९ च्या सात न्यायमूर्तींच्या निकालात म्हटलं आहे की पुन्हा पुन्हा केलेल्या, कायद्यात तरतूद नसलेल्या अर्जांनी ही मुदत वाढत नाही. सी. जेकब प्रकरणात २००८ मध्ये आणखी पुढचं सांगितलं आहे: जुन्या दाव्यावर खात्यानं उशिरा काही उत्तर दिलं म्हणून नवी मुदत सुरू होत नाही. म्हणून स्मरणपत्र क्रमांक एक, दोन, तीन, मग सचिवांना निवेदन, मग ‘आपले सरकार’वर तक्रार, मग संघटनेच्या लेटरहेडवर पत्र, या सगळ्यात वर्ष संपवणारे लोक मी फार पाहिले आहेत. प्रामाणिक, कष्टाळू माणसं, ज्यांची बाजू खरी होती आणि जी केवळ तारखेवर हरली. राज्यपालांना निवेदन देणं हा संपवावाच लागणारा उपाय कायदा मानत नाही. हे मार्ग वापरायचे तर वापरा, पण कॅलेंडरवरची तारीख त्यांना बघून पुढे ढकलू नका. आमदारांचं पत्र मात्र आणू नका. वर्तणूक नियमांखाली बाहेरचं वजन आणल्याचा ठपका तुमच्यावरच येईल.

आणि प्रत्येक कागद ‘योग्य मार्गाने’, म्हणजे आपल्या वरिष्ठांमार्फत, द्या, आवक शाखेचा शिक्का आणि क्रमांक असलेली पोच घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी नोंदणीकृत टपालानं पाठवा.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या इतरांसाठी थोडक्यात, कारण चुकीच्या दारात गेल्यानं फार वेळ वाया जातो. केंद्र सरकारचे पुण्यातले कर्मचारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जातात. जिल्हा परिषदेचे आणि महानगरपालिकेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत नाहीत. त्यांना त्यांच्या त्यांच्या सेवानियमांतलं अपील आणि नंतर उच्च न्यायालय, आणि पालिकेतल्या कामगार वर्गाला औद्योगिक न्यायालयही. खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकांना बडतर्फी, पदावनती अशा आदेशांविरुद्ध शाळा न्यायाधिकरण, तेही ३० दिवसांत. प्रकार लैंगिक छळाचा असेल तर २०१३ चा कायदा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत, आणि समितीच्या शिफारशींविरुद्ध अपील ९० दिवसांत. पुण्यातल्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेवर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानावा असं बजावलं, म्हणून समितीसमोरचा जबाब हलक्यात घेऊ नका. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून अपमान त्या जाती-जमातींबाहेरच्या कुणी लोकांच्या देखत केला असेल तर तो अत्याचार प्रतिबंध कायद्याखालचा गुन्हा आहे, त्याची फिर्याद पोलिसांत. सेवाविषयक दाद मात्र तरीही वेगळी मागावी लागते.

मॅटच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येतं. एल. चंद्रकुमार या १९९७ च्या निकालामुळे थेट उच्च न्यायालयात मात्र जाता येत नाही, आधी न्यायाधिकरणच.

खर्चाची काळजी तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिली आहे. न्यायाधिकरणासमोर स्वतः उभं राहून बाजू मांडण्याचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्री म्हणून आणि दिव्यांग व्यक्ती म्हणूनही तुम्ही मोफत विधी साहाय्याला पात्र आहात, उत्पन्नाची अट न लागता. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, मुंबईतल्या प्रकरणासाठी पुढे कुठे जायचं ते तिथून कळेल. सुनावणीत ऐकण्यासाठी सोय हवी असेल तर ती अर्जातच मागा. न्यायाधिकरणासमोरही ती सोय तुमचा हक्कच आहे.

राहिला पुढच्या त्रासाचा प्रश्न. त्रास होऊ शकतो, हे नाकारत नाही. कारणे दाखवा नोटीस येईल, रजा अडकेल, जुनी एखादी नस्ती अचानक उघडली जाईल. प्रत्येक नोटिशीला मुदतीत उत्तर द्या. त्यात राग नको, संघर्षाचा इतिहास नको, विचारलं तेवढंच. नोटिशीत ज्या कागदांचा उल्लेख आहे त्यांच्या प्रती लेखी मागा आणि त्या मिळेपर्यंत मुदतवाढही लेखी मागा. शिक्षेचा आदेश निघालाच तर ४५ दिवसांत अपील, इथे ते खरंखुरं अपील आहे. आणि एका वहीत डावीकडे तुमच्या प्रत्येक अर्जाची तारीख, उजवीकडे त्यानंतर निघालेल्या प्रत्येक आदेशाची तारीख लिहीत चला. १० फेब्रुवारीची तक्रार, १८ ऑगस्टचं पत्र, सप्टेंबरची बदली. हा क्रम मूळ अर्जाच्या दुसऱ्या पानावर तक्त्यात जसाच्या तसा घाला. बदलीचा आदेश, जून २०२३ मध्ये या कार्यालयात रुजू होतानाचा अहवाल, सेवापुस्तकातल्या दिव्यांगत्वाच्या नोंदीचं पान आणि मागच्या चार वर्षांचे कार्यमूल्यमापन अहवाल एवढं घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाकीचे कागद मागाहून जोडता येतात.